नवी मुंबईत समन्यायी नगरनियोजनावर संशोधन करायचंय, विषय कोणता घेऊ?

गावठाण सोडून काहीही घ्या, असं लिहिणार होतो. मग म्हटलं नको, गावठाणच घ्या. पण आधी हिशेब शिकून या.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेची मुलगी टॅब घेऊन आमच्याकडे आली. घणसोलीच्या बाजूचं गाव आमचं. आईने चहा दिला, बोंबलाची चटणी खायला लावली. तासभर प्रश्न झाले. उठताना स्क्रीनवर डोकावलो तर आमच्या घरावर लाल ठिपका: 'अनधिकृत'. का बांधलं, याला रकानाच नव्हता. 'गरजेपोटीची घरं', म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेली, हा शब्दही तिच्या कानावरून गेला नव्हता.

नव्या शहरासाठी १९७० पासून जमिनी गेल्या. १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी उरणजवळ जासईला झालेल्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, आणि १९९० ला कुठे साडेबारा टक्क्यांची योजना आली: गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. आज्याचं शेत एकरभर, म्हणजे चाळीस गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले तीस टक्के सामाजिक सुविधांना कापले, उरले साडेतीन. वारस अकरा. माणशी साडेतीनशे चौरस फूटही नाही. तोवर घरात चार चुली झाल्या होत्या. माळे चढवले नसते तर झोपायचं कुठे?

आमचे दाजी आर्किटेक्ट. दर गणपतीत ऐकवतात, "प्लॉट बिल्डरला विकलेत, आता रडता कशाला?" विकले, हो. काकांनी तर प्लॉट हातात यायच्या आधीच कागद करून दिला, मुलीचं लग्न तोंडावर होतं.

तर विषय हा घ्या: एकच नोड, म्हणजे नवी मुंबईतलं एक उपनगर, निवडा, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची यादी मिळवा, आणि संपादन, वाटप, त्रिपक्षीय करार (प्लॉट विकताना सिडको, मूळ मालक आणि घेणारा यांच्यात होतो तो) या तीन तारखा शेजारी शेजारी मांडा. मधली वर्षं मोजा. किती प्लॉटवर आज मूळ माणूस राहतो तेही लिहा. तक्त्याची एक प्रत मला द्या, दाजींच्या हातात ठेवायची आहे.

आता, मूळ आराखडा सगळा वाईट होता असं नाही. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी अडवून ओहोटीला खाडीत सोडणारे धारण तलाव ही हुशारीच. आणि गावातली सगळीच बांधकामं गरजेपोटीची नाहीत. आमच्याच गल्लीत दोन सातमजली उठल्यात त्या निव्वळ भाड्यासाठी.

सर्व्हेला येणार असाल तर रविवारी सकाळी या. गाडी स्टेशनलाच ठेवा, गल्लीत शिरणार नाही.