जिन्नस, वस्तू की पण्य?

गुहागरच्या एका अकरावीतल्या मुलीने विचारलं आहे : "वर्गात कमॉडिटी म्हणजे वस्तू असं शिकवलं. आमचे आजोबा काजूबीला जिन्नस म्हणतात आणि आई लाडू-करंज्यांना. मग खरा शब्द कोणता?"

माझं मत आजोबांच्या बाजूने आहे.

वस्तू हा शब्द संस्कृत 'वस्' धातूवरून आला, म्हणजे राहणं, असणं. जे आहे ते वस्तू. वस्तुस्थिती, वस्तुतः हे शब्द त्याच अर्थाचे. त्यात खरेदी-विक्री कुठेच नाही. माडावरचा नारळ वस्तू, देवापुढे ठेवलेला नारळ वस्तू आणि शेकड्याच्या भावाने विकला गेलेला नारळही वस्तूच. सरकारी मराठीने हाच शब्द उचलला. 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे आणि 2017 पासून वस्तू आणि सेवा कर आहे. इंग्रजीत पहिल्यात कमॉडिटी आहे, दुसऱ्यात गुड्स. मराठीत दोन्हीकडे वस्तूच. कायद्याचं तेवढ्यावर भागतं, कारण शब्दाची व्याख्या तिथेच दिलेली असते. अर्थशास्त्र शिकणाऱ्याचं भागत नाही.

बाजारात कमॉडिटी म्हणतात ती कशाला? एका प्रतीचा माल कोणाकडूनही आला तरी सारखाच धरला जातो आणि भाव प्रतीवर ठरतो, अशा मालाला. हे बघायचं तर एप्रिल महिन्यात काजूबी घेणाऱ्याच्या काट्यापाशी उभं राहावं. म्हातारी पिशवी घेऊन येते. घेणारा मूठभर बी हातात खुळखुळवतो, ओली की सुकी ते बघतो, एखादी फोडून गर पाहतो, वजन करतो, पैसे देतो आणि पिशवी मागच्या ढिगावर ओततो. त्या ढिगावर तिच्या शेजाऱ्याची बी आधीच पडलेली असते. आता ही कोणाच्या कलमाची आणि ती कोणाच्या, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. पुढे कारखान्यात गर निघतो तेव्हाही त्याची ओळख आकड्याने होते : डब्ल्यू-320 म्हणजे एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर.

आता देवगडची आंब्याची पेटी बघा. तिच्यावर बागायतदाराचं नाव असतं आणि वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते ती त्याच्या नावाने. गिऱ्हाईक गाव विचारून घेतं. तो माल खरा, पण काजूबीसारखा ढिगात मिसळत नाही.

हा फरक 'जिन्नस' शब्दात जन्मापासून आहे. मूळ अरबी 'जिन्स', अर्थ जात, प्रकार. अरबीत तो ग्रीक 'गेनोस'वरून आला असं मानतात, म्हणजे जीवशास्त्रातला 'जीनस' त्याचा लांबचा भाऊबंद. जात सांगितली की माल सांगून झाला, हेच तर कमॉडिटीचं लक्षण! मला हा शब्द फार आवडतो तो यासाठी. आणि म्हणूनच आईचंही चुकत नाही. "दिवाळीला चार जिन्नस केले" म्हणजे चार प्रकार केले. आजोबा आणि आई एकाच शब्दाची दोन टोकं धरून आहेत.

जुन्या कागदांत याची जोडी रोखीशी असे. नक्त वसूल म्हणजे पैशात, ऐनजिनसी वसूल म्हणजे पिकाच्याच रूपात. कोकणात हे घरोघर ठाऊक होतं. कूळ खोताला, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराला, भाताचा अर्धा वाटा घाली तर तो अर्धेल, तिसरा घाली तर तिर्धेल. 1949 च्या कायद्याने खोती गेली आणि ऐनजिनसी हा शब्दही बोलण्यातून गेला. तो जपायला हवा होता. आज आपण 'वस्तुरूपात मोबदला' असं लांबलचक लिहितो.

'माल'बद्दल थोडक्यात. तोही अरबी, मूळ अर्थ संपत्ती. मालमत्तेत तो अर्थ टिकून आहे. मालक मात्र वेगळ्या धातूचा, दिसायला सारखा एवढंच. वाणसामानातलं वाण वाण्याचं, वणिज् शब्दावरून आलेलं. 'वेंगुर्ला-4 हा काजूचा वाण' यातला वाण वर्णावरून आलेला. दोघांची गल्लत नको.

राहिला पण्य. 'पण्' धातूचे अर्थ सौदा करणं आणि पैज लावणं. पणाला लावण्यातला पण तोच, आणि सरकारी पाटीवरचं पणनही त्याच घरातलं. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याच्या शेवटच्या वर्गाचं नाव पण्यवर्ग. म्हणजे शब्द आपल्याकडे जुनाच. बोलण्यात तो रुळला नाही, पण एका ठिकाणी त्याच्यावाचून अडतं. शिक्षण, पाणी, माणसाचे श्रम विकाऊ होतात, त्या क्रियेला हल्ली सर्रास 'वस्तूकरण' लिहितात. बाईला माणूस न मानता वस्तू मानलं जातं, त्यालाही वस्तूकरणच. दोन तक्रारी, शब्द एक; वाचणाऱ्याने काय समजायचं? पहिल्यासाठी 'पण्यीकरण' लिहावं. संस्कृतात पैसे घेऊन सोबत देणाऱ्या स्त्रीला पण्यस्त्री म्हणत, म्हणजे 'विकाऊ' हा अर्थ या शब्दाला किती घट्ट चिकटलेला आहे ते दिसतं.

तेव्हा परीक्षेत वस्तू लिही, गुण जाणार नाहीत. पण तुझ्या शब्दांत निबंध लिहायचा असेल तर असं लिहून बघ : "काजूबी हा जिन्नस आहे, देवगडचा हापूस अजून पुरता जिन्नस झालेला नाही." आणि आजोबांना वाचून दाखव.