सिंधुदुर्गात राहून पीआर-मार्केटिंगची कामं करतो. आपल्या भागातल्या अशा लोकांच्या संघटनेत जाऊन काही फायदा होतो का?

शाल, श्रीफळ, स्टेजवर खुर्च्यांची रांग आणि ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग एवढंच असेल तर काही नाही. त्या वर्गणीत बरा माईक घ्या.

मी पण कुडाळ-देवगड पट्ट्यातच असली कामं करतो, होमस्टेचं इन्स्टा, काजूवाल्यांची पाकिटं, सीझनला आंब्याचे बॉक्स. मागे आमच्यातल्या काही जणांनी कुडाळला चहा पिता पिता ठरवलं की आपली जिल्ह्याची संघटना काढायची, रजिस्ट्रेशनला १८६० च्या कायद्याने सात माणसं लागतात तीही जमवली, आणि मग अध्यक्ष कोण यावरच सगळ्या मीटिंगा गेल्या. त्याच सीझनला एक व्यापारी माझ्याकडे आला. बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात 'देवगड हापूस' पाहिजे, मागे कातळावरच्या बागेचा फोटो. माल कुठला विचारलं तर नुसता हसला. गाडीतला एक आंबा कापून बघितला, साल जाड, आतून पिवळा, केशरीचा पत्ता नाही. कर्नाटकचा माल, दुसरं काय. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय तो पालघर ते सिंधुदुर्ग पाच जिल्ह्यांपुरता, हे त्यालाही माहीत आणि मलाही. तोंडावर नाही म्हटलं. आणि चारच दिवसांत तेच बॉक्स हायवेच्या स्टॉलवर! डिझाईन कोणाचं? आमच्या होऊ घातलेल्या अध्यक्षांचं. विचारलं तर म्हणतो, "आपण नाय केला तर मुंबयवालो करतलो, मगे?"

मुंबईवाल्याने केलं असतं तर मला एवढा राग आला नसता. संघटना म्हणजे एकाने ज्या कामाला नाही म्हटलं ते दुसऱ्याने उचलायच्या आधी निदान फोन करून कारण विचारायचं. हे मी तेव्हाही भांडून सांगितलं होतं आणि मला 'निगेटिव्ह' ठरवलं गेलं.

पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, १९६८ साली दिल्लीच्या अधिवेशनात त्यांनी नीतिसंहिता स्वीकारली आणि त्याची आठवण म्हणून २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन होतो. आता ऐन आंब्यात कोकणातला कोण हॉलमध्ये बसून भाषणं ऐकणार ते सोडा, पण निदान संहिता तरी आहे. आमच्याकडे आधी लेटरहेड छापलं.

तर कोणी वर्गणी मागायला आलं की आधी विचारा, सभासदाने खोटं लेबल केलं तर तुम्ही काय करता? घसा खाकरून विषय बदलला तर समजून जा.

हां, तुम्हाला पुढे मुंबई-पुण्यात नोकरी करायची असेल तर मोठ्या संघटनेत जरूर जा, ओळखी होतात. आणि माझ्याकडून एकच बाजू ऐकताय तुम्ही. त्या मित्राचं डिझाईन, खरं सांगायचं तर, माझ्यापेक्षा चांगलं असतं. म्हणून तर जास्त डोकं फिरतं.