खजिना कुठे सापडला, ते आधी सांगा

या महिन्याच्या टपालात खजिन्याच्या शोधावरच्या सिनेमांबद्दल इतकी पत्रं आली, की सगळं पान त्यांनाच द्यायचं ठरवलं. माझी नोकरी संग्रहालयाच्या जतन विभागात झाली आणि हे सिनेमे मी शाळेत असल्यापासून जीव लावून पाहत आलो आहे. उत्तरांमध्ये दोन्ही डोकावणार.

‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ हा इंडियाना जोन्सचा सिनेमा नातवाला दाखवला. त्यातलं टॅनिस शहर खरंच आहे का? वर्षभराच्या वादळात ते वाळूखाली गेलं, असं सिनेमात म्हणतात. – एक आजोबा

आजोबा, टॅनिस अगदी खरं आहे. इजिप्तमध्ये, नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या ईशान्येला. वादळ मात्र पटकथेतलं. ते शहर कुणाला न सापडण्याइतकं कधी हरवलंच नव्हतं. तिथे गोंधळ झाला तो वेगळाच. दुसरा रामसेस या इजिप्तच्या राजाच्या पी-रामसेस नावाच्या राजधानीजवळून वाहणारा नाईलचा फाटा गाळाने भरत गेला, वस्ती उठली आणि तिथले पुतळे नि कोरीव दगड पुढच्या राजांनी टॅनिसला आणून बसवले. त्यांवर दुसऱ्या रामसेसचं नाव पाहून पिएर मॉन्ते या फ्रेंच संशोधकाला वाटलं, रामसेसची राजधानी ती हीच. दगड खरे, नाव खरं, पण जागा त्यांची नव्हती!

सिनेमाची गोष्ट 1936 सालची आहे. नातवाला पुढचं सांगा : त्यानंतर तीनच वर्षांनी, 1939मध्ये, याच मॉन्तेंना याच टॅनिसमध्ये राजांच्या कबरी मिळाल्या. पहिल्या सुसेनेस राजाची शवपेटी चांदीची, चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा. तिथल्या ओलसर मातीत लाकूड कुजून गेलं, धातू आणि दगड टिकले. एवढा मोठा शोध, पण दुसरं महायुद्ध पेटलं होतं; वर्तमानपत्रांत त्याला कुठली जागा मिळणार?

जुन्या कबरींमध्ये खरंच बाण सुटायचे, दगड गडगडत यायचे का? – नववीतली एक वाचक

तसे सापळे इजिप्तच्या कबरींत मिळालेले नाहीत. बंदोबस्त साधा असायचा : बोळ दगडमातीने ठासून भरायचा, दार बांधून काढायचं, वर शिक्के मारायचे. तरी चोर शिरायचेच. तुतनखामेन राजाच्या कबरीचं तेच झालं. हॉवर्ड कार्टर या ब्रिटिश संशोधकांना तिची पहिली पायरी 4 नोव्हेंबर 1922 रोजी दिसली. आत गेल्यावर कळलं, की प्राचीन काळीच चोर येऊन गेले होते आणि अधिकाऱ्यांनी घाईघाईने आवराआवर करून दार पुन्हा बंद केलं होतं. एका फडक्यात गाठ मारून बांधलेल्या सोन्याच्या अंगठ्या पेटीत तशाच टाकलेल्या होत्या. चोरांनी सुगंधी लेपही पळवला होता आणि भांड्याच्या आत, उरलेल्या लेपावर, तो खरवडून काढणाऱ्या बोटांच्या खुणा होत्या. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या चोराची बोटं! गडगडत येणाऱ्या दगडापेक्षा मला ही बोटं जास्त थरारक वाटतात. आणि ती आपल्याला कळली, कारण कार्टर यांनी वस्तू भराभर उचलल्या नाहीत. आधी फोटो, मग क्रमांक, मग टिपण, मग जतन. ती छोटीशी कबर रिकामी करायला सुमारे दहा वर्षं लागली.

माझी मुलगी म्हणते, हे नायक म्हणजे लुटारूच. ‘वस्तू संग्रहालयात हवी’ एवढं म्हटलं की चोरी माफ होते का? मला वाईट वाटलं, कारण मी याच सिनेमांवर वाढले. – एक वाचक

मुलीशी मी बराचसा सहमत आहे. संग्रहालयात मी ज्या वस्तू स्वच्छ केल्या, त्यांतल्या कितीतरींच्या नोंदवहीत ‘प्राप्तिस्थान’ या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलेलं असायचं. मूर्ती सुंदर, काम अप्रतिम. पण ती कोणत्या गावची, कोणाशेजारी ठेवलेली, कोणत्या थरात पुरलेली, याचं उत्तर कायमचं गेलेलं. ती बाजारात आणणाऱ्याने मूर्ती वाचवली आणि तिची गोष्ट मारून टाकली. नायक चौथऱ्यावरून सोन्याची मूर्ती उचलून पळतो तेव्हा मला नेमका तो रिकामा रकाना दिसतो.

उलट उदाहरण देतो. 1901 साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून पाणबुड्यांनी पुतळ्यांबरोबर गंजलेल्या कांस्याचा एक गोळा वर काढला. कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पुढे त्यात दातेरी चाकं दिसली, क्ष-किरणांनी आतली रचना उलगडली : सूर्यचंद्राच्या गती आणि ग्रहणं सांगणारं यंत्र, निदान तीस चाकं शिल्लक असलेलं. 2023च्या इंडियाना जोन्सपटात त्यावरूनच एक यंत्र रचलं आहे आणि ते आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाच्या नावावर घातलं आहे. आर्किमिडीज इसवी सनपूर्व 212 मध्ये गेला. जहाज मात्र बुडालं ते साधारण इसवी सनपूर्व 70 ते 60च्या दरम्यान. हे कशावरून ठरायला मदत झाली? 1976मध्ये जाक कूस्तो या फ्रेंच समुद्रसंशोधकाच्या पथकाने त्याच जहाजाच्या अवशेषांतून वर काढलेल्या नाण्यांवरून. यंत्र कुठल्या जहाजातलं हे ठाऊक होतं, म्हणून ती नाणी त्याच्याबद्दल बोलू शकली. हाच गोळा एखाद्या दलालाच्या पेटीतून आला असता, तर त्याचं वय आपण कशाच्या आधारे सांगितलं असतं?

म्हणून सिनेमे सोडू नका, मुलीबरोबर पाहा. ‘रेडर्स’मध्येच बघा : खणायची जागा दाखवणाऱ्या काठीची लांबी एका पदकावर कोरलेली आहे; शत्रूकडे त्याच्या एकाच बाजूचा मजकूर आहे, म्हणून त्यांची काठी लांब होते आणि ते भलत्याच जागी खणत बसतात. मागची बाजू वाचणारा जिंकतो. असं दृश्य लिहिणाऱ्याला शोध म्हणजे काय ते नक्की कळलेलं आहे. नायकाने तेवढ्याच आस्थेने ‘आर्क’ म्हणजे त्या पवित्र पेटीखालची मातीही पाहिली असती, तर मुलीची तक्रार उरली नसती.

इंडियाना जोन्सच्याच ‘लास्ट क्रूसेड’मधल्या त्या गुलाबी दगडी दर्शनी भागामागे आत काय आहे? – एक विद्यार्थी

ती जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन शहरातली अल-खझनेह ही वास्तू. तिच्या आत साध्या, रिकाम्या खोल्या आहेत. बाहेर, वरच्या दगडी कलशात सोनं आहे या समजुतीने लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या खुणा अजून दिसतात. कलश भरीव दगडाचा आहे. 2024 साली मात्र त्या वास्तूखालच्या कबरीत बारा सांगाडे मिळाले, शेजारच्या वस्तूंसह, जसेच्या तसे. मला तो कलश फोडून सोनं निघण्यापेक्षा कितीतरी मोठा लाभ वाटतो.

एकच सिनेमा पाहायचा असेल तर? – एक वाचक

‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’, 1948. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. त्यांचे वडील वॉल्टर त्यात म्हाताऱ्या खाणशोधकाचं काम करतात, आणि दोघांनाही ऑस्कर मिळालं. ‘मकेनाज गोल्ड’मधली लांबत जाणारी सुळक्याची सावली मलाही आवडते. पण सोनं हाती आल्यावर माणसं एकमेकांकडे कशी पाहू लागतात, ते ह्यूस्टनइतकं जवळून कोणी दाखवलेलं मी पाहिलं नाही. म्हाताऱ्याचा एक प्रसंग चुकवू नका : डोंगरातून सोनं काढून झाल्यावर निघण्याआधी तो सोबत्यांना डोंगराच्या जखमा बुजवायला लावतो.