गाडीच्या एसीचं काम सुरू करायचं तर कोणती हत्यारं लागतात?

दाब मोजायचा गेजचा सेट घेतलात ते बरं केलंत, पण नुसत्या गेजवर कामाला हात घालू नका. इंजिन आणि ब्रेकची कामं तुम्हाला येतात, आता एसीत उतरायचंय आणि पुढची खरेदी काय करावी असं विचारलंय. मी बरीच वर्षं फक्त एसीचंच काम करतोय. माझं ऐकाल तर पुढच्या दोन वस्तू म्हणजे व्हॅक्युम पंप आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. बाकीचं हळूहळू घेता येतं.

वजनकाट्यावर मी एवढा जोर देतो, कारण सर्वांत जास्त गाड्या बिघडतात त्या अंदाजाने गॅस भरल्यामुळे. आत द्रव आणि वाफ दोन्ही असली, की दाब ठरतो तापमानावर, गॅस किती आहे त्यावर नाही. आर-१३४ए (गाडीच्या एसीत नेहमी असणारा गॅस) असलेली गाडी २५ अंशांना बंद उभी असेल तर गेजच्या दोन्ही सुया साधारण ८० पीएसआयवर (हे दाबाचं एकक) दिसतील, मग आत ५०० ग्रॅम असो की २५०. स्वयंपाकाचा सिलिंडर किती उरलाय हे आपण वजनावरूनच ओळखतो, तसंच हे. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आधी उरलेला सगळा काढायचा, व्हॅक्युम मारायचा आणि तेवढाच मोजून भरायचा. जास्त भरला तर थंडावा वाढत नाही, उलट हाय साइडचा (कॉम्प्रेसरच्या पुढच्या, जास्त दाबाच्या बाजूचा) दाब चढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

व्हॅक्युम पंप दोन स्टेजचा घ्या. त्याचं काम फक्त हवा ओढायचं नाही, ओलावा काढायचंही आहे. दाब पुरेसा उतरला की पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. ते आत राहिलं तर एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी (जिथे गॅसचा दाब एकदम उतरतो) बर्फ धरतं, आणि गॅस-तेलाबरोबर मिळून ॲसिड तयार होतं, ते कॉम्प्रेसरला आतून खातं. निदान अर्धा तास पंप चालवा, मग व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवा आणि सुईकडे बघत राहा. सुई वर सरकली तर आत ओलावा आहे किंवा कुठेतरी लीक आहे. पंपाचं तेल वेळच्या वेळी बदला, ते गढूळ झालं की पंप खोल व्हॅक्युम गाठत नाही.

पण व्हॅक्युम टिकला म्हणजे लीक नाही, असं समजू नका. मी तेच समजत होतो. एक गाडी दर उन्हाळ्याला माझ्याकडे यायची, व्हॅक्युम छान टिकायचा, मी गॅस भरून द्यायचो आणि वर्षभरात पुन्हा गार हवा बंद. व्हॅक्युममध्ये फरक असतो जेमतेम १५ पीएसआयचा, तोही बाहेरून आत. गाडी चालू असताना हाय साइडला आतून १५० ते २५० पीएसआय असतात. शेवटी कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून १५० पीएसआयपर्यंत सोडला. कंडेन्सरच्या (गरम गॅस थंड करणारा, रेडिएटरसारखा भाग) खालच्या कोपऱ्यात नाण्याएवढा काळपट डाग होता. बोट फिरवलं तर तेलकट लागलं, त्यावर धूळ चिकटून बसलेली. साबणाचा फेस लावल्यावर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. गॅस निसटतो तेव्हा थोडं तेलही घेऊन जातो, म्हणून आधी डाग शोधा. त्या ग्राहकाचे तीन हंगाम माझ्यामुळे वाया गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. दाब देण्यासाठी ऑक्सिजन कधीच वापरू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर, यूव्ही डाय (लीकपाशी यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) आणि त्याचा टॉर्च त्यानंतर घ्या. व्हॉल्व्ह कोर काढायचं हत्यार, हिरव्या ओ-रिंगांचा डबा, गार हवेच्या जाळीत लावायचा थर्मामीटर आणि वाकलेल्या फिन सरळ करायचा कंगवा, या लहान वस्तू आहेत, पण रोज लागतात.

गॉगल आणि हातमोजे मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, द्रव डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. आणि इंजिन चालू असताना गेज सेटचा लाल, म्हणजे हाय साइडचा, व्हॉल्व्ह उघडू नका, तिथला दाब उलटा गॅसच्या कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटतो.

जुना गॅस हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीन घेणं जमेपर्यंत ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून काढून घ्या. एक किलो आर-१३४ए वातावरणाला एक टन कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त तापवतो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस असतो, तो सौम्य ज्वलनशील आहे आणि त्याचे कपलर (पाइप गाडीला जोडायचे जोड) वेगळे असतात. जुन्या सेटने जुगाड करून तो भरू नका.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना सध्या हात लावू नका. त्यांचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, वायरी नारिंगी असतात. त्यात वीज न वाहणारं तेल लागतं, एसीचं नेहमीचं पीएजी तेल थोडं जरी गेलं तरी इन्सुलेशन खराब होतं. तुमच्याकडे कोणत्या गाड्या जास्त येतात ते कळवा, म्हणजे तेलाचे कोणते ग्रेड ठेवायचे ते सांगतो.