'बूट इमेज'ची 'प्रतिमा' करावी का?

प्रश्न असा आहे: एका तांत्रिक पुस्तिकेच्या मराठी भाषांतरात 'प्रारंभिक आरंभ प्रतिमेचे निरीक्षण व सुधारणा' असं एका प्रकरणाचं नाव आहे. विषय लिनक्स या संगणक-प्रणालीतल्या इनिटरॅमएफएसचा, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) हाती पडणाऱ्या पहिल्या फायलींचा. हे मराठी बरोबर आहे का, आणि 'इमेज'ला प्रतिमाच म्हणायचं का?

शीर्षक वाचून मला तरी एखाद्या जुन्या मूर्तीची डागडुजी चालली आहे असंच वाटलं. 'प्रारंभिक आरंभ' तर सरळसरळ पिवळा पीतांबर. त्यातला एक शब्द आजच काढून टाकावा. खरी चर्चा 'प्रतिमे'ची आहे.

'प्रतिमा' हा शब्द व्युत्पत्तीनं वाईट नाही. त्यातला 'मा' हा मोजण्याचा धातू; मूळ वस्तूला मापानं उतरलेली ती प्रतिमा. संगणकातली 'इमेज'ही आधी अशीच होती. यूनिक्सच्या जुन्या माहितीपुस्तिकांत 'कोअर' फाइलला, म्हणजे प्रोग्रॅम कोसळताना मागे राहणाऱ्या फाइलला, मेमरीची इमेज म्हटलंय: त्या क्षणी मेमरीत जे होतं ते जसंच्या तसं, बाइटला बाइट. डिस्कची इमेजही तशीच. पण मराठीत प्रतिमा म्हटली की मूर्ती येते, कवितेतली प्रतिमा येते, नाहीतर कुणाची तरी मलिन झालेली सार्वजनिक प्रतिमा येते. बाइटला बाइट हा अर्थ काही केल्या येत नाही. म्हणून डिस्कच्या इमेजला मी 'हुबेहूब प्रत' म्हणेन.

गंमत पुढेच आहे. इनिटरॅमएफएस ही त्या अर्थानं इमेज नाहीच!

पूर्वी जे होतं ते 'इनिटआरडी', म्हणजे सुरुवातीची रॅमडिस्क. ती खरोखर एका छोट्या फाइल सिस्टिमची (डिस्कवरच्या फायलींच्या मांडणीची) हुबेहूब प्रत असे आणि मेमरीत डिस्क असल्याचं सोंग उभं करून तिच्यावर चढवली जाई. कर्नल २.६ पासून (डिसेंबर २००३) इनिटरॅमएफएस आलं. हे फायलींचं नुसतं गाठोडं असतं. सीपीआयओ या फायली एकत्र बांधण्याच्या जुन्या पद्धतीनं बांधलेलं, बहुधा वरून दाबून लहान केलेलं. कर्नल ते मेमरीत सोडतो आणि त्यातला 'इनिट' नावाचा प्रोग्रॅम चालवतो. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या वाणांत मात्र फाइलचं नाव अजूनही 'इनिटआरडी डॉट आयएमजी' असंच सुरू होतं. आत रॅमडिस्कही नाही आणि इमेजही नाही. भाषेत असं नेहमीच होतं, वस्तू बदलते आणि नाव मागे राहतं. पण मूळ नावच शिळं झालेलं असताना आपण त्याचं शब्दशः भाषांतर करायचं, म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणायचा.

मग काय म्हणावं? हे गाठोडं लागतं कशाला, ते पाहिलं की शब्द आपोआप सापडतो. कर्नलला खरी डिस्क उघडायची असते, पण ती उघडायला लागणारा ड्रायव्हर (ती कशी वाचायची ते कर्नलला सांगणारा प्रोग्रॅम) कित्येकदा त्याच डिस्कवर असतो. डिस्क कूटबद्ध असेल किंवा अनेक डिस्क मिळून एक केली असेल, तर ती उघडण्याची अवजारंही आतच. किल्ली कुलूपबंद पेटीत, तशी गत. म्हणून बूटलोडर, म्हणजे कर्नलला मेमरीत आणणारा छोटा प्रोग्रॅम, कर्नलबरोबरच हे गाठोडं मेमरीत आणून देतो. मुक्कामाला पोचेपर्यंत वाटेत जे लागेल ते त्यात बांधलेलं. याला मराठीत शिदोरी म्हणतात.

हा शब्द मला नुसता गोड वाटतो म्हणून सुचवत नाही. तो कामातही नीट बसतो. खरी डिस्क सापडली की 'स्विच-रूट' हा प्रोग्रॅम तिकडे जाताना मेमरीतल्या या फायली पुसून जागा मोकळी करतो, म्हणजे शिदोरी वाटेतच संपते. शिवाय ती ज्याची त्यालाच लागते: आतले ड्रायव्हर त्या-त्या कर्नलच्या आवृत्तीसाठी बांधलेले असतात, म्हणून प्रत्येक कर्नलची शिदोरी वेगळी. आणि क्रियापदं तर आयती मिळतात. शिदोरी बांधतात, सोडतात. 'निष्कर्षण' आणि 'संपीडन' यांच्या वाटेला जायलाच नको.

एका जागी मात्र उपमा लंगडी पडते, तेही सांगायला हवं. डिस्कवरची मूळ फाइल संपत नाही; संपते ती मेमरीत सोडलेली. माझ्या मते एवढं चालावं.

आता 'निरीक्षण'. निरीक्षण आकाशाचं करतात, हात न लावता. गाठोडं सोडून आत काय आहे ते बघणं म्हणजे 'तपासणी', किंवा साधं 'आत डोकावणं'. डेबियनकडे त्यासाठी 'एलएस-इनिटरॅमएफएस' आहे, फेडोरा या दुसऱ्या वाणाकडे 'एलएस-इनिटआरडी'. दोन्ही आतल्या फायलींची यादी दाखवतात. नवख्याला हमखास चकवणारी गोष्ट अशी की पुढच्या बाजूला पुष्कळदा एक वेगळी, न दाबलेली छोटी पुरचुंडी जोडलेली असते. तिच्यात प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या सूचना) असतो. नुसता सीपीआयओ चालवला तर तो ती पुरचुंडी उघडून तिथेच थांबतो आणि आपल्याला वाटतं, एवढंच? 'अनएमके-इनिटरॅमएफएस' दोन्ही वेगळ्या करून देतो. 'प्रतिमा' म्हटलं की एकसंध चित्र डोळ्यांपुढे येतं आणि ही पुरचुंडी लक्षातच येत नाही. शिदोरीत मात्र पुरचुंडी असायचीच.

'सुधारणा' हा शब्द तर चुकीचाच. सुधारणा म्हणजे बिघडलेलं नीट करणं. मी एकदा शिदोरी सोडली, एक फाइल बदलली, परत बांधली आणि बांधताना सीपीआयओला 'न्यूसी' हा प्रकार सांगायला विसरलो. वेगळं काही न सांगितल्यास सीपीआयओ जुन्या बायनरी प्रकारात बांधतो. कर्नलला गाठोड्याच्या तोंडाशी ०७०७०१ (किंवा ०७०७०२) असे 'न्यूसी'च्या खुणेचे सहा अंक दिसले, तरच ते आपलं वाटतं. यंत्र पॅनिकवर येऊन, म्हणजे कर्नलनं हात टेकून, थांबलं. त्याला सुधारणा म्हणायला माझी जीभ धजत नाही. साधा 'बदल' हा शब्द पुरे. 'फेरफार'ही चालला असता, पण त्याला हिशेबातल्या गडबडीचा वास येतो.

खरं तर नेहमीच्या कामात हातानं बदल करूच नये. पुढच्या अपडेटला शिदोरी नव्यानं बांधली जाते आणि हातचा बदल वाहून जातो. काय भरायचं ते डेबियनमधल्या 'इनिटरॅमएफएस-टूल्स'च्या सेटिंगमध्ये लिहायचं आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालवायचं. याला मी 'फेरबांधणी' म्हणतो.

'बूट'ला मात्र हात लावू नका. इंग्रजीतही हा शब्द आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य कसरतीवरून आला, आणि पायातला बूट मराठीत आधीपासून आहेच. 'आरंभ' लिहिलं की ती कसरत हरवते. 'कर्नल'ही राहू दे, तो फौजेतला वाटला तरी. आज्ञांची नावं तर जशीच्या तशीच हवीत, टर्मिनलला मराठी कळत नाही.

तेव्हा शीर्षक माझ्या हातात असतं तर: 'बूटची शिदोरी: तपासणी आणि फेरबांधणी'. आणि पहिल्याच वाक्यात, 'म्हणजे इनिटरॅमएफएस'.