पाना उचलण्याआधी

भावा, जुन्या मशिनी खोलून सुटे भाग आणि भंगार विकायला उद्यमनगरात गाळा घेतलास, बरं केलंस. पण जुनं वॉशिंग मशीन आलं की लगेच पाना लावू नकोस. पहिलं मशीन सावकाश खोल, काय कशानंतर निघतं ते वहीत लिही. पुढची त्याच क्रमानं. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज कर, म्हणजे रिकामा कर; प्लग काढला तरी त्यात चार्ज राहतो. चालती मोटर तोडू नकोस, आतल्या तारेपेक्षा तिला भाव जास्त. ॲल्युमिनियमवर चुंबक फिरवून लोखंडी स्क्रू काढ. वितळताना लोखंड मिसळलं की ओतकाम ठिसूळ होतं. माझा अख्खा लॉट फौंड्रीतून असाच परत आला होता, आठ दिवसांची मेहनत गेली. फ्रीज मात्र एवढ्यात घेऊ नकोस; गॅस हवेत न सोडता काढून घ्यायचं मशीन आल्यावरच.