खाडीवर जाताना आधी तिथी बघ

अनेक आशीर्वाद.

क्लबची यंदाची हिवाळी फेरी ठाणे खाडीत, आणि ती तू नेणार, हे वाचून फार बरं वाटलं. कोणते पक्षी दाखवायचे, असं तू विचारलं आहेस. ते नंतर बघू. आधी दिवस ठरव, आणि तो रविवारची सोय बघून ठरवू नकोस. भिंतीवरची दिनदर्शिका काढ आणि तिथी बघ.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा ढोबळ अंदाज झाला. प्रत्यक्ष वेळ थोडी पुढे असते, खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी उशीर लागतो, म्हणून भरतीचं छापील कोष्टक बघच. पण दिवस निवडायला हा हिशोब पुरतो. अष्टमीच्या सकाळी आठला पोचलात, तर पाणी परत निघालेलं असेल. जसजसा चिखल उघडा पडेल तसतसे पक्षी त्याच्यामागे दूर पसरत जातील, आणि तुमच्या गटाला दिसतील नुसते ठिपके. तेच पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात, तर पहाटे ओहोटी असते आणि सकाळभर पाणी चढत राहतं. चिखल आक्रसत जातो आणि पक्षी आपण होऊन तुमच्याकडे सरकतात. तुम्ही फक्त एका जागी उभं राहायचं. नव्या माणसांना हेच सगळ्यात अवघड जातं. त्यांना सारखं पुढे जायचं असतं. त्यांना थांबवून धरणं हे तुझं त्या दिवसाचं मुख्य काम.

निम्मे लोक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायलाच येतील. त्यांना आधीच सांगून ठेव की डिसेंबरात ते थोडे असतात; खरी गर्दी फेब्रुवारीनंतर होते आणि मग मे अखेरपर्यंत टिकते. भर हंगामात खाडीतला आकडा लाखापुढे गेलेला आहे. पण जे असतील ते नीट दाखव. त्यांच्या दोन जाती. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि तिचं टोक काळं. धाकटा बुटका, रंगाने गडद, चोच काळपट लाल. दुर्बिणीतून त्यांचं खाणं बघायला लाव: डोकं पाण्यात उलटं, जीभ मागेपुढे होते, चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातऱ्यांतून पाणी गाळलं जातं आणि शेवाळ, बारीक जीव आत राहतात. धाकट्याची गाळणी जास्त बारीक, म्हणून दोघं शेजारी शेजारी चरले तरी एकमेकांच्या घासावर येत नाहीत. कुणीतरी विचारेलच, एवढ्या घाण पाण्यात हे येतातच कशाला? खरं उत्तर दे. शहराच्या सांडपाण्यावर इथलं शेवाळ पोसलं जातं, आणि त्या शेवाळावर रोहित. पण त्याच पाण्यात कारखान्यांची रसायनंही येतात. २०१५ साली इथे अभयारण्य झालं, २०२२ साली खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. मुलांपासून तो लपवू नकोस.

रोहित बघून झाले की सगळ्यांच्या नजरा खाली, चिखलावर आण. माझ्या मते हिवाळ्यातली खाडी तिथे आहे. एक चिखल्या शोध, म्हणजे आपला सँड प्लोव्हर. चार पावलं पळतो, थबकतो, बघतो, टोचतो, पुन्हा पळतो. त्याचे डोळे मोठे; तो शिकार बघून पकडतो. शेजारी स्टिंट असेल, चिमणीएवढा. तो थांबतच नाही, मान खाली घालून शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच चालवत राहतो. पुढे लांब चोचीचा गॉडविट ती डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो. चिखल एकच, पण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीवर पोचते. एवढं दहा मिनिटं शांतपणे बघितलं तर पुस्तकातल्या पिसांच्या खुणा पाठ नसल्या तरी चालतं. चालीवरून पक्षी ओळखता येतो. तिवरांच्या मुळांशी निवट्या, म्हणजे चिखलावर येणारे छोटे मासे, उड्या मारताना दिसतील, त्या बघायलाही वेळ दे. कुणाच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, कुठला पाय, सांध्याच्या वर की खाली, आणि त्यावरची अक्षरं लगेच लिहून घे. शक्य असेल तर फोटो. ती नोंद बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला, कळव. सैबेरियातून इथवर आलेल्या पक्ष्याचा प्रवास अशाच नोंदी जोडून कळतो.

आता कडक बोलतो. भरती पूर्ण चढली की चिखल बुडतो, त्यांचं खाणं बंद होतं. मग हे पक्षी मिठागरांच्या बांधांवर दाटीवाटीने बसतात, एका पायावर, चोच पाठीत खुपसून. फोटोवाल्यांना तेव्हाच हुरूप येतो. एकजण चार पावलं पुढे जातो, थवा उठतो, सगळे वा म्हणतात. तो थवा हवेत जी चरबी जाळतो, ती त्याने परतीच्या हजारो किलोमीटरसाठी साठवलेली असते, आणि पुढचे काही तास ती भरून काढायला चिखल उघडा नसतो. हे निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांग. एका जरी पक्ष्याने मान वर काढली तरी गट जागीच थांबला पाहिजे. ड्रोन नाही, मोबाइलवर आवाज वाजवणं नाही. कुणी ज्येष्ठ सभासद ऐकत नसतील तर त्यांनाही सांग. वयाचा मान ठेवायचा, पण थवा उडू द्यायचा नाही.

मोजणीला घाबरू नकोस. आधी दहा पक्षी नीट मोज, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धर, मग तो तुकडा थव्यावरून सरकवत ने. दोघांना वेगवेगळं मोजायला लाव आणि आकडे ताडून बघ. ‘खूप होते’ असं लिहू नकोस. अंदाजाचा का होईना, आकडा लिही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिथे हा सराव कामी येईल. उचाट्या, थापट्या, तलवार बदक हे मिठागरात सहज मोजता येतात, नवख्यांना तिथून सुरुवात करू दे.

ऐरोलीहून बोट घेणार असाल तर तिची वेळही भरतीवर ठरते, आधी विचारून ठेव. बोटीवरच्या माणसांशी बोल. पाणी कुठे उथळ झालं, मासा कुठला कमी झाला, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

एप्रिलच्या सुरुवातीला, अमावास्येच्या सुमारास, याच जागी याच गटाला पुन्हा घेऊन जा. डिसेंबरात राखाडी दिसलेले कर्ल्यू सँडपायपर तेव्हा पोटाशी विटकरी होऊ लागलेले असतील.

दुर्बिणी कमी पडत असतील तर माझी जुनी घेऊन जा. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे.

कळावे.